उपऱ्याचे वतन



ख्रिस्ती श्रद्धेतून माणसाला लाभणारी ओळख आणि त्या ओळखीतून येणारे निर्भयपण हा आजचा विषय उपासनामंदिरातील व्यासपीठावरून पुष्कळदा बोलला गेलेला आहे. पण तेथे ऐकणारा मनुष्य आधीच पटलेला असतो, आणि पटलेल्याला पटवून देण्यात बोलणाराची फारशी कसोटी लागत नाही. या सभागृहात नाना धर्मांचे, आणि कोणताच धर्म न मानणारेही श्रोते बसलेले आहेत. त्यांच्यापुढे उपदेश करण्याचा अधिकार मला नाही आणि इच्छाही नाही. या नाशिक जिल्ह्याच्या पांढरीत घडलेल्या, किंवा येथून सुरू होऊन दूरवर गेलेल्या, काही हकीकती मी आपल्यापुढे मांडणार आहे. त्यांतून मला एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्यांचे एकामागून एक सगळे आसरे निघून गेले त्यांना ही ओळख तारू शकली; आणि जेथे ती स्वतःच एक नवा आसरा म्हणून वापरली गेली तेथे ती थेट जुन्या जातीसारखी वागू लागली.

जुन्या महाराष्ट्रात 'तू कोण?' या प्रश्नाचे उत्तर माणसाने शोधावयाचे नसे. ते त्याच्या जन्माआधीच दप्तरात लिहिलेले असे. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी ही वतने; त्यांच्या सनदा आणि महजर; बलुतेदारांचे हक्क आणि मानपान; आणि जमीन कसणारांमध्येही वंशपरंपरागत हक्काचा मिरासदार व बाहेरून आलेला उपरी असा भेद, अशी ती घट्ट विणलेली व्यवस्था होती. उपऱ्याला गावात राहण्यास मज्जाव नसे, कधीकधी तर त्याला मिरासदारापेक्षा हलक्या साऱ्याने जमीन मिळे. परंतु गावच्या कारभारात त्याचा शब्द चालत नसे, आणि उद्या तो गाव सोडून गेला तर त्याची वाट पाहणारे कोणी नसे. वतनासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडत, गोतसभेपुढे उभे राहत, वेळप्रसंगी दिव्य करीत. त्यात नुसता धान्याचा लोभ नव्हता. वतन गेले म्हणजे आपण कोण हेच गेले, असे त्यांना वाटे, आणि त्यांचे ते वाटणे खोटे नव्हते.

एकोणिसाव्या शतकात ज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो या व्यवस्थेत एका दिवसात उपरी झाला. इंग्रज सरकारने १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही असे ठरवून टाकले खरे. पण कायद्याने शेत मिळते, पंगतीतले पान मिळत नाही. त्याच्याही सात वर्षे आधी, १८४३ साली, मुंबईत नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला तेव्हा त्याचा अल्पवयी भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला होता. न्यायालयाने त्या मुलाला बापाच्या स्वाधीन केले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता; तो परक्याच्या घरी राहिला आणि जेवला एवढाच त्याचा अपराध. पण तेवढ्यावरून त्याला जातीत परत घ्यावे की नाही या प्रश्नावर शास्त्रीमंडळीत असे रण माजले की, प्रायश्चित्त देऊन मुलाला शुद्ध करून घ्यावे म्हणून झटणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसारख्या पंडितालाही स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. चार घासांनी जी निसटते ती ओळख किती भक्कम म्हणावयाची, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

तो प्रश्न नाशिकजवळच्या एका घरातून पुढे आला, आणि तो विचारणारी मुलगी तेव्हा लिहिण्यावाचण्यासही शिकलेली नव्हती. गोदाकाठच्या जलालपुरात १८६८ साली गोखल्यांच्या घरी जन्मलेली मनकर्णिका पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली, हे आपणांस सांगावयास नको. तिचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले तेव्हापासून मराठी वाचकाने त्या पुस्तकाला घरातल्या माणसासारखे जवळ केले आहे. त्यातला विनोद सर्वांना आठवतो. त्या विनोदाखाली दडलेली भीती मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. लक्ष्मीबाईंच्या मातामहांना सत्तावन्नच्या धामधुमीत, त्र्यंबकेश्वराकडील बंडाशी त्यांचा संबंध जोडून, फाशी देण्यात आले. त्या आघातानंतर त्यांच्या जावयाच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, मनात विटाळाची अशी धास्ती बसली की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येईना, आणि त्या नियमातून मिठालाही सूट मिळेना. मीठ धुणे म्हणजे काय हे गृहिणींना मी समजावून सांगण्याचे कारण नाही.

त्या गृहस्थांना हसणे सोपे आहे, आणि लेकीने स्वतःच आपल्याला हसावयास लावले आहे. पण क्षणभर त्यांच्या बाजूने पाहा. सासऱ्याचा मृत्यू सरकारच्या दोराने झालेला. ज्या पेशवाईत चित्पावनाला आपले स्थान निश्चित वाटत होते ती पेशवाई बुडून चार दशके होत आलेली. नवा राज्यकर्ता कोणाला केव्हा उचलून नेईल याचा भरवसा नाही. अशा वेळी माणूस आपल्या हातात उरलेल्या एवढ्याशा प्रदेशावर अंमल बसवू पाहतो: उंबरठा, चूल, पाण्याचा हंडा. आपण शुद्ध आहो तोवर आपण 'आपण' आहो, असा तो हिशेब. या हिशेबात खोट अशी की तो कधी पुराच होत नाही. शुद्धीने सुरक्षित होऊ पाहणाऱ्याला प्रत्येक नवा स्पर्श हा नवा हल्ला वाटतो, आणि जितके अधिक धुवावे तितके धुवावयाचे अधिक दिसू लागते. लक्ष्मीबाईंचे बालपण या पहाऱ्यात गेले. ब्राह्मण्य हा ज्यांचा सर्वांत मोठा आधार, त्यांच्याच घरात सर्वांत मोठी धास्ती नांदत होती, ही गोष्ट मला समाजशास्त्रावरील कित्येक ग्रंथांपेक्षा अधिक बोधक वाटते.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक हे कोकणातले, करजगावचे. आईच्या मृत्यूनंतर घर सोडून नाशिकास विद्येसाठी आलेले. लग्नानंतर गावोगाव फिरणारे, एक नोकरी सोडून दुसरी धरणारे, हाती आलेला पैसा वाटून टाकणारे. घराची घडी त्यांना कधी बसवता आली नाही, आणि याचा भुर्दंड सगळा बायकोने भरला. राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली, आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते असे अडकले की पुन्हा सुटले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ती वार्ता कळली तेव्हा त्यांच्यावर कोसळलेले दुःख त्यांनीच लिहून ठेवले आहे. ते मी माझ्या शब्दांनी पातळ करीत नाही.

पोटासाठी बाटला, हा त्या काळचा नेहमीचा आरोप टिळकांवरही झाला. तो अगदीच बिनबुडाचा असतो असे मी म्हणणार नाही. दुष्काळात मिशनच्या दारी आलेल्या माणसाला आधी भाकरी हवी होती, आणि भुकेलेल्याच्या हेतूंची चौकशी करण्याचे काम पोटभर जेवलेल्यांनी करू नये. परंतु टिळकांच्या बाबतीत हिशेब उलटा पडतो. त्यांनी जात, आप्त, कवी म्हणून नुकताच मिळू लागलेला मान, आणि काही काळ बायको व मुलगाही गमावला. १८६६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या पतीला, बायको नांदावयास येत नसेल तर, न्यायालयातून विवाह मोडून घेण्याची वाट खुली करून दिली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. लक्ष्मीबाई पंढरपुरास नातलगांकडे दिवस काढीत असताना ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले.

येथे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या शिकवणुकीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण टिळकांची धिटाई तिच्यातून आली होती. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत श्रद्धावंताला देवाचा दत्तक पुत्र म्हटले आहे. ज्या देशात दत्तकाच्या मंजुरीवरून संस्थाने खालसा झाली त्या देशातल्या माणसाला यातला कायद्याचा भाग शिकवावा लागत नाही. औरस पुत्राला हक्क जन्माने मिळतो. दत्तकाला तो घेणाऱ्याच्या इच्छेने मिळतो, आणि एकदा विधी झाला की त्याच्या आधीच्या घराण्याचा उणेपणा त्याला चिकटत नाही. ज्याने ही गोष्ट मनापासून मानली त्याला आपले शुद्धपण राखावयाचे नसते, सिद्ध करावयाचे नसते, आणि म्हणून दुसऱ्याच्या स्पर्शाचे भय धरावयाचे कारणही उरत नाही. पौल गलतीकरांस लिहिलेल्या त्याच पत्रात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात मिटला असे सांगतो ते काही वेगळे कलम नव्हे. पहिल्या विधानाची ती फलश्रुती आहे.

लक्ष्मीबाई तेथवर पुस्तकाने पोचल्या नाहीत. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले होते, आणि टिळकांनी त्यात हात घातला नाही, ही टिळकांच्या स्वभावातली मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट. बाईंनी विचार केला तो आपल्या पद्धतीने, रोखठोक: माणसामाणसांत जाती कोणी केल्या, देवाने की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर त्या अंगावर दिसल्या असत्या. उत्तर सापडले त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्याचे ठरविले, बाप्तिस्मा त्यानंतरचा. मीठ धुणाऱ्या घरातली ही मुलगी. तिच्या पुढच्या आयुष्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा आहे, परक्यांच्या पोरांना घरात घेणे आहे, टिळकांच्या पश्चात मुलींच्या वसतिगृहात केलेली नोकरी आहे, कराचीपर्यंतची भटकंती आहे. आणि या सगळ्यात तिला हसू येते. मला निर्भयपणाची खूण विचाराल तर मी त्या हसण्याकडे बोट दाखवीन. स्वतःच्या प्रतिष्ठेवर पहारा करणाऱ्या माणसाला स्वतःवर विनोद करणे परवडत नाही.

टिळकांची एक पायरी मात्र अजून राहिली होती. जातीचा आसरा सोडून ते मिशनच्या आसऱ्यास आले होते, आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनने त्यांना काम, पगार आणि मान दिला. १९१७ साली त्यांनी तेही सोडले. साताऱ्यास 'देवाचा दरबार' म्हणून जी मंडळी त्यांनी उभारली तिच्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि भजनात टाळ-एकतारी वाजवताना त्यांना आपण काही उसने घेत आहो असे वाटत नसे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्यांचे हात लागलेले अध्याय दहा-अकरा. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

आता नाशिकातल्याच शरणपुराकडे वळतो. शरणपूर रस्त्यावरून आपण रोज जातो-येतो. पण आफ्रिकेच्या इतिहासात नाशिकचे नाव येते ते या वस्तीमुळे, हे शहरात थोड्यांनाच ठाऊक आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास ही वसाहत वसविली. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते इंग्रज आरमार पकडी, आणि त्यांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांपैकी कित्येकांना मुंबईहून येथे धाडण्यात येई. सुतारकी, लोहारकाम, लिहिणे-वाचणे, बायबल असे शिक्षण त्यांना मिळे. ही मुले कोणत्या गावची, कोणाच्या पोटची, हे पुष्कळदा त्यांनाही सांगता येत नसे. पकडले गेले तेव्हा ती इतकी लहान होती. वतन, जात, कूळ, भाषा यांतले काहीच ज्याच्यापाशी नाही असा माणूस येथे दिसत होता. जलालपूर येथून फार लांब नाही. आणि दोन्हीकडचा काळ जवळजवळ एकच.

आफ्रिकेचे प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये येथे येऊन गेले आणि पुढल्या वर्षीच्या स्वारीत त्यांनी नाशिकची नऊ मुले बरोबर घेतली. त्यांतली सगळीच टिकली नाहीत. काही मेली, काही सोडून गेली, आणि मिशनच्या जुन्या चरित्रग्रंथांनी ही गोष्ट हळूच मागे सारली आहे. मागाहून पाठविलेल्या तुकडीतून जेकब वेनराइट हा याओ जमातीचा नाशिककर तरुण त्यांना जाऊन मिळाला. १८७३ मध्ये चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचे हृदय तेथेच पुरण्यात आले. त्या वेळची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. मग त्या आफ्रिकी सोबत्यांनी प्रेत वाळवून, गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत किनाऱ्यावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत वेनराइट होता. गुलामांच्या गलबतातून उतरविलेला, नाशिकात शिकलेला मुलगा इंग्लंडच्या राजेमहाराजांच्या थडग्यांपाशी उभा राहिला.

या प्रसंगाने भारावून जाऊन येथेच थांबणे सोयीचे झाले असते. पण 'वेनराइट' हे नाव त्याच्या बापाचे नव्हे. 'प्राइस', 'जोन्स', 'सेमलर' ही नावेही मिशनच्या दप्तरातली. मिशनने या मुलांना ओळख दिली, आणि तीबरोबर आपला शिक्काही उमटविला. पुढे १८७५ च्या आगेमागे मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसविण्यात आले तेव्हा नाशिकची ही माणसे तेथे शिक्षक, कारागीर, उपदेशक म्हणून गेली; आणि तेथील गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याला हाताखालच्या गड्यांप्रमाणे वागवावे हे त्यांनी मुकाट्याने सोसले नाही. वागणुकीतल्या आणि पगारातल्या भेदाविरुद्ध त्यांनी तक्रारी केल्या. विल्यम जोन्स हा त्यांतलाच. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांचा युगांडाच्या वाटेवर वध झाला तेव्हा उरलेला काफिला किनाऱ्याला सुखरूप आणणारा जोन्स. ज्यांच्याकडून नाव घेतले त्यांनाच, तुम्ही शिकविलेल्या धर्माप्रमाणे तुम्ही वागत नाही, असे तोंडावर सांगण्याचे बळ या माणसांत आले. तक्रारअर्ज ही भक्तीची खूण म्हणून कोणी दाखवीत नाही. मला मात्र ॲबेतल्या त्या सोहळ्यापेक्षा फ्रेअरटाउनच्या तक्रारींतच नाशिकच्या शिक्षणाचे फळ अधिक पिकलेले दिसते.

पंडिता रमाबाईंची हकीकत याच कुळीतली आहे, पण ती आपणांस परिचित असल्यामुळे एवढेच सांगतो की, १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीने तेथील साध्वींनी पुढे केलेले प्रत्येक मत निमूटपणे मानण्याचे साफ नाकारले. एका पुरोहितवर्गाचे जू झुगारून मी दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी आले नाही, असा त्यांच्या पत्रांचा रोख आहे. मांसाहार त्यांनी केला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले.

आता एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे, आणि तो आक्षेप घेणारा माणूस मोठा आहे. अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० च्या मार्चात याच शहरात सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे डॉ. आंबेडकरांनी, जन्म हाती नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही, अशा अर्थाची घोषणा केली.  बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार बारकाईने केला होता. त्यांच्या मरणानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी त्यांची तक्रार अशी की, हा मनुष्य स्वतःच्या पापाचा विचार करू लागतो आणि समाजाने केलेल्या अन्यायाचा विचार सोडून देतो. मनाला समाधान मिळते, आणि त्या समाधानातच त्याची चीड विझते. शिवाय ख्रिस्ती झाल्यावरही जात त्याच्या पाठोपाठ उपासनामंदिरात येते. हा आक्षेप धर्मशास्त्राच्या वादाने उडवून लावता येत नाही, कारण तो पाहून केलेला आहे. नगर, जालना, औरंगाबाद या भागांत गावेच्या गावे ख्रिस्ती झाली ती बहुतांशी महार आणि मांग समाजातली. आणि त्यांच्या मंडळ्यांत बसण्याच्या जागेपासून दफनाच्या जागेपर्यंत जुना भेद दिसत राहिला, हे आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले माझ्या पिढीतले कितीतरी लोक आहेत. जेथे असे झाले तेथे 'ख्रिस्ती' ही आणखी एक मिरास झाली होती, आणि नव्याने येणारा पुन्हा उपरीच राहिला.

हे उपरेपण अजूनही संपलेले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना २०२० मध्ये उस्मानाबादेस भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा एक धर्मगुरू मराठीचा प्रतिनिधी कसा, असा गदारोळ काहींनी केला. वसईच्या मातीत वाढलेल्या, 'सुबोध बायबल'सारखा ग्रंथ मराठीला देणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला जावा, हे मला खेदाचे वाटले. पण दिब्रिटोंची मला काळजी वाटली नाही. त्यांच्यापाशी भाषा होती, धर्मसंस्था होती, वाचक होते.

काळजी वाटते ती जातीच्या दाखल्यावाल्यांची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणून रविवारी उपासनेला बसणारा बाप सोमवारी शाळेच्या कचेरीत मुलाच्या नावापुढे 'हिंदू' लिहून देतो. त्याच्या श्रद्धेवर आक्षेप घेणारी मंडळी दोन्हीकडे आहेत: एकीकडे त्याला ढोंगी म्हणणारे, दुसरीकडे त्याला कच्चा ख्रिस्ती म्हणणारे. मी त्या बापाला भित्रा म्हणणार नाही. टिळकांनी जे सोडले ते सोडण्यासाठी त्यांच्यापाशी आधी होते तरी. याच्या घरात वतन म्हणून जे काही होते ते गावकुसाबाहेरचे. ज्या राज्यघटनेने जातीचा कलंक पुसण्याचे वचन दिले तिच्या कारभारात धर्म पाहून जात मोजावी काय, हा प्रश्न सरकारने सोडवावा, आणि त्यासाठी ख्रिस्ती समाजाने अर्ज-विनंत्या कराव्यात, न्यायालयांत जावे, हे योग्यच आहे. पण त्या बापाचा दुसरा एक दावा आहे तो सरकारवर नाही, आमच्यावर आहे. त्याच्या मुलीचे लग्न ठरविण्याची वेळ येते तेव्हा आमच्याच मंडळीतला कोणी सभ्य गृहस्थ, चहाचा पेला खाली ठेवून, 'तुम्ही मूळचे कोणते?' असे विचारतो, आणि तो हे विचारीत असताना त्याच्याच दिवाणखान्याच्या भिंतीवर गलतीकरांस पत्रातले वचन चौकटीत लावलेले असते.